केईएमचा हृदयशल्य विभाग : पेशंटांच्या गावाकडून लिहिलेला इतिहास

१८९२ साली तानसा धरण पुरे झाले आणि आमच्या खोऱ्यातले पाणी नळांतून मुंबईला जाऊ लागले. पुढे चौतीस वर्षांनी, १९२६ च्या जानेवारीत, त्याच मुंबई महापालिकेचे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय परळला सुरू झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे मुंबईचा माणूस विचारील. गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली, अंबाडी या पट्ट्यातल्या माणसाला तो विचारावा लागत नाही. पाणी ज्या दिशेने जाते त्याच दिशेने आमचे गंभीर दुखणेही जाते. आधी जवळचे आरोग्य केंद्र, मग भिवंडी किंवा ठाणे, आणि तिथे डॉक्टरांनी छातीला नळी लावून ‘याला केईएमला न्या’ म्हटले की एस.टी., लोकल आणि परळ स्टेशन.

केईएमच्या शताब्दीच्या निमित्ताने विभागांचे इतिहास लिहिले जात आहेत. हृदयशल्य विभागाचा इतिहास ज्या गावांतून पेशंट गेले त्या गावांच्या बाजूने लिहावा, असे मला मनापासून वाटले. या विभागाचे नाव निघाले की सर्वांना १९६८ चे हृदयप्रत्यारोपण आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. पण तानसा खोऱ्यातला, वाड्याचा, शहापूरचा किंवा कोकणातला माणूस या विभागाकडे गेला तो बहुतेक वेळा बिघडलेल्या झडपेसाठी. वर्षानुवर्षे, रोजच्या रोज, फारसा गाजावाजा न होता झालेले झडपांचे काम हे या विभागाचे सर्वांत मोठे काम आहे असे माझे मत आहे, आणि हा लेख त्या मताने लिहिला आहे.

संस्थेच्या जन्माची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे कळत नाही. इंग्रजी अमलात मुंबईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकाच्या जागा मुख्यतः इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत. कितीही शिकलेला हिंदी डॉक्टर तिथे सहसा दुय्यम जागेवरच राही. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळच्या महाविद्यालयाला देणगी दिली तेव्हा अट घातली की इथले अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, योग्य पात्रतेचे हिंदी डॉक्टरच असावेत. महाविद्यालय १९२५ साली सुरू झाले. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, हेच पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. ‘स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद संस्थेने घेतले. महापालिकेचे दवाखाना-रुग्णालय आणि स्वाभिमानी हिंदी अध्यापकांचे महाविद्यालय एकाच आवारात आले. म्हणूनच गरिबाच्या खाटेशेजारी जगातले नवे ज्ञान येऊन उभे राहण्याची सोय तिथे पहिल्यापासून झाली.

आता त्या आजाराविषयी. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा सुजतो, मग कोपर. घरचे लोक लेप लावतात, शेकतात, गरम पाण्याच्या कुंडांवर नेतात. गणेशपुरी-अकलोलीच्या कुंडांवर सांधेदुखीसाठी येणारी माणसे आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहतो आहोत, आणि त्या पाण्याने सांध्यांना आराम वाटतो हेही खरे. या मुलाचे सांधेही बरे होतात, ते पुन्हा खेळायला लागते, आणि दुखणे संपले असे सगळ्यांना वाटते. आत मात्र हृदयाच्या झडपांना सूज येऊन गेलेली असते. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली शस्त्रे स्वतःच्याच झडपांवर उलटतात. असे दोन-चारदा झाले की डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते आणि तिच्या दोन पाकळ्या कडांना चिकटू लागतात. निरोगी माणसात या झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. आजार वाढला की ते एकाच्याही खाली येते. रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. आधी चढणीवर दम लागतो, मग सपाटीवर, आणि शेवटी रात्री आडवे होणेच जमत नाही. माणूस उशा टेकून बसून रात्र काढतो.

युरोप-अमेरिकेत घरे मोठी झाली, गर्दी कमी झाली, पेनिसिलिन आले आणि हा आजार ओसरला. आपल्याकडे एका खोलीत आठ-दहा माणसे झोपतात तिथे तो टिकून राहिला. शिवाय आपल्याकडे तो लवकर गाठतो. तिकडे झडप पूर्ण आवळायला वीस-वीस वर्षे लागत. इकडे पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आवळलेल्या झडपेने धापा टाकत येते. लग्न होते, दिवस राहतात, गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते, आणि जे ओझे हृदयाने कसेबसे पेलले होते ते पेलवेनासे होते. दम्याची म्हणून वर्षभर औषध घेतलेली बाई प्रत्यक्षात झडपेची पेशंट निघते, हे परळच्या ओपीडीत डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिलेले आहे.

या झडपेला हात घालणारा माणूस परळला मिळाला तो डॉ. प्रफुल्लकुमार सेन. १९१५ साली कलकत्त्यात जन्म, वैद्यकीय शिक्षणाचा काही भाग नागपुरात आणि पुढे परळच्या जी.एस. महाविद्यालयात. १९४९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती घेऊन ते फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. हृदयशस्त्रक्रियेसाठी त्या घटकेला याहून योग्य गाव जगात नसेल. वर्षभरापूर्वीच, १० जून १९४८ रोजी, त्याच शहरात चार्ल्स बेली यांनी चिकटलेली मायट्रल झडप यशस्वीपणे मोकळी केली होती. त्याआधीचे त्यांचे पेशंट दगावले होते. त्याच दिवशी सकाळी एका रुग्णालयात एक पेशंट टेबलावर गेला आणि दुपारी दुसऱ्या रुग्णालयात पुढची पेशंट वाचली. त्या काळचा हृदयशल्यचिकित्सक कोणत्या मनाने काम करीत होता हे या एका दिवसावरून समजते. सेन ज्या वातावरणातून शिकून आले ते असे होते.

परत आल्यावर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळला या शस्त्रक्रिया सुरू केल्या. ही शस्त्रक्रिया कशी होते ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या भागातल्या वयस्क बायांच्या डाव्या कुशीवरचा लांब व्रण त्याच शस्त्रक्रियेचा आहे. डाव्या बाजूने बरगड्यांमधून छाती उघडायची. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक भाग बाहेर आलेला असतो. त्याच्याभोवती गोल टाका घालायचा, बटव्याच्या नाडीसारखा आवळता येईल असा. मग त्या भागाला छेद देऊन तर्जनी आत घालायची आणि नाडी बोटाभोवती आवळून रक्त रोखायचे. हृदय या वेळी धडधडत असते. सर्जनला आतले काही दिसत नाही. बोटाच्या टोकाला झडप लागते, तिचे अरुंद तोंड लागते, चिकटलेली कड लागते. त्या कडेवर बेताने दाब द्यायचा आणि ती उकलायची. जोर कमी पडला तर काम अर्धे राहते, जास्त झाला तर झडप फाटते आणि रक्त उलटे वाहू लागते. पुढे खालच्या कप्प्याच्या टोकाकडून आत घालायचे, छत्रीसारखे उघडणारे हत्यार आले आणि काम अधिक खात्रीचे झाले. तरी वाट दाखवायला बोट वरून आत असायचेच.

या शस्त्रक्रियेला यंत्र लागत नव्हते, रक्ताच्या बाटल्या फार लागत नव्हत्या, आणि बाई पंधरवड्यात घरी जाऊ शकत होती. महापालिकेच्या रुग्णालयाला परवडेल आणि गरिबाला पुन्हा कामावर उभे करील अशी ती शस्त्रक्रिया होती. सेन यांनी आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी ती नेहमीच्या कामाची केली, हे त्यांचे मोठेपण मला प्रत्यारोपणाइतकेच वाटते. गरोदर बाईवरही ती करता येई; आई आणि मूल दोन्ही घरी येत.

हृदयाच्या आत डोळ्यांनी पाहून काम करायचे तर मात्र रक्तप्रवाह थांबवणे भाग होते. त्याची पहिली युक्ती थंडीची. पेशंटला भूल देऊन बर्फाच्या पाण्याने त्याचे शरीर तीसेक अंशांपर्यंत गार करायचे, म्हणजे मेंदूची प्राणवायूची गरज घटते आणि सर्जनला सहा-आठ मिनिटे मिळतात. मिनेसोटात १९५२ साली ही पद्धत यशस्वी झाली आणि त्याच दशकात परळला तिचा वापर करून हृदयाच्या पडद्यातले भोक शिवले गेले. तेवढ्या मिनिटांत हृदय उघडायचे, भोक शिवायचे, हवा काढायची आणि हृदय बंद करायचे. जॉन गिबन यांचे हार्ट-लंग मशीन १९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियातच प्रथम यशस्वी झाले होते. साठीच्या दशकात ते तंत्र आपल्याकडे रुळू लागले आणि ती घाई संपली. त्या सुरुवातीच्या मशीनांना मात्र आधी रक्तानेच भरावे लागे. ऑपरेशनची तारीख मिळाली की गावाकडून रक्त द्यायला माणसे न्यावी लागत. रक्त दिले की अंगातली ताकद जाते, अशी समजूत असलेल्या खेड्यांतून पुतणे, मेहुणे, शेजारी परळपर्यंत गेले. विभागाच्या इतिहासात त्यांची नावे कुठेच नाहीत, पण त्यांच्या रक्तावाचून मशीन चालले नसते.

सेन यांच्या विभागाला संशोधनाची ओढ होती आणि ती परदेशी विषयांची नक्कल करणारी नव्हती. परळच्या वॉर्डात वेगळ्याच प्रकारचे तरुण पेशंट येत, त्यांत मुली पुष्कळ. हातांत रक्तदाब प्रचंड, पायांत नाडी जवळजवळ लागत नाही; किंवा उलट, मनगटाची नाडीच हरवलेली. महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंती सुजून आतून आवळलेल्या असत. सेन, विकृतिशास्त्रज्ञ किनरे, इंजिनिअर आडनावाचे सहकारी आणि परुळकर यांनी यातल्या एका प्रकाराचे वर्णन १९६३ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये केले. पुढे या आजारावर त्यांचा ग्रंथही निघाला. सर्जन आणि विकृतिशास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसून काम करीत होते हे मला फार महत्त्वाचे वाटते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आणि शवविच्छेदनात दिसलेले हृदय यांची रोजची पडताळणी होत होती. चूक कुठे झाली हे पाहण्याची सवय विभागाला अशी लागली.

१९६५ सालचे त्यांचे एक काम आजही वाचणाऱ्याला थक्क करते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात स्नायूला रक्त पुरवण्याची वेगळी सोय असते. हृदयाच्या कप्प्यातले रक्त थेट स्नायूच्या सच्छिद्र भिंतीत शिरते. माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तर त्याच्या स्नायूतही अशा वाटा करता येतील का, असा प्रश्न सेन यांनी घेतला. सेन, तेहेम्टन उडवाडिया, किनरे आणि परुळकर यांनी सुईने हृदयाच्या स्नायूत बारीक भोके पाडण्याचे प्रयोग केले आणि ते अमेरिकेतल्या छातीच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ती भोके कालांतराने बुजत. पण पुढे लेझरने अशाच वाटा पाडण्याचे जे उपचार जगभर झाले, त्यांचा इतिहास लिहिणारे परळच्या या कामापासून सुरुवात करतात. यातले डॉ. उडवाडिया पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे भारतातले अग्रणी म्हणून सर्वांना माहीत झाले.

त्याच वर्षी, मे १९६५ मध्ये, केईएममध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवण्याचा देशातला पहिला प्रयत्न झाला. आणि त्याच वर्षी सेन, परुळकर, शरद पांडे आणि किनरे यांचा कुत्र्यांमधील हृदयप्रत्यारोपणाच्या शंभर प्रयोगांचा प्राथमिक वृत्तान्त भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकात छापून आला. हे साल मी मुद्दाम सांगतो आहे. केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले हृदय बसवले ते ३ डिसेंबर १९६७ रोजी. परळला पुढे जे झाले त्याला घाईने केलेले अनुकरण म्हणणाऱ्यांनी ही दोन साले शेजारी ठेवून पाहावीत. मॉस्कोच्या व्लादिमीर डेमिखोव यांनी कुत्र्यांवर केलेल्या कामाचाही सेन यांच्या मनावर ठसा होता.

बर्नार्ड यांच्यानंतर तीन दिवसांनी न्यूयॉर्कला एड्रियन कँट्रोविट्झ, मग जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा बर्नार्ड, कॅलिफोर्नियात नॉर्मन शमवे आणि पुन्हा कँट्रोविट्झ. सहावे प्रत्यारोपण परळचे. १६ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री केईएमच्या ऑपरेशन थिएटरात ते झाले. दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका यांच्यानंतर तिसरा देश भारत, आणि सेन हे जगातले चौथे सर्जन. पेशंट हा तरुण शेतकरी. हृदयाच्या स्नायूच्या आजाराने त्याचे हृदय पार थकलेले. हृदय मिळाले ते रेल्वे अपघातात डोक्याला मार लागून गेलेल्या एका तरुणीचे. सेन यांच्यासोबत परुळकर आणि पांडे होते, भूलतज्ज्ञ होते, मशीन सांभाळणारे होते, सिस्टर होत्या. नवे हृदय बसले, ठोके पडू लागले. तीन तासांनी पेशंट गेला.

असे का झाले याचे उत्तर विभागाने शोधले. दीर्घ आजारात त्या माणसाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा विरोध फार वाढलेला होता. निरोगी तरुणीच्या हृदयाच्या उजव्या बाजूला एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलण्याची सवय नव्हती. ती बाजू थकली. आज प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याआधी प्रत्येक पेशंटचा हा विरोध नळी घालून मोजतात आणि तो फार असला तर नुसते हृदय बसवत नाहीत. हा धडा जगाला ज्या काही पेशंटांनी शिकवला त्यांत परळचा तो शेतकरी आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये सेन यांनी दुसरे प्रत्यारोपण केले; तो पेशंट चौदा तास जगला.

या दोन मृत्यूंविषयी आपल्याकडे दोन टोकांनी बोलले गेले आहे. काहींनी ‘भारतातले पहिले’ एवढाच अभिमान ठेवला आणि तीन तास गाळून टाकले. काहींनी तीन तास धरून सगळाच प्रयत्न नाव मिळवण्याची हौस ठरवला. मला दोन्ही अन्यायाचे वाटतात. सर्जनांची तयारी होती. बाकी जगाची नव्हती. मेंदूच्या मृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्डच्या समितीचा अहवाल छापून आला तो ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे परळच्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर सहा महिन्यांनी. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीचे चांगले औषध, सायक्लोस्पोरिन, हाती आले ते ऐंशीच्या दशकात. १९६८ या एका वर्षात जगभर शंभरांवर हृदये बसवली गेली. बहुतेक पेशंट दिवसांत किंवा आठवड्यांत गेले आणि जवळजवळ सगळ्यांनीच हात आवरता घेतला. परळनेही घेतला. थांबण्यालाही धैर्य लागते, आणि ते विभागाने दाखवले. १९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळाले. २२ जुलै १९८२ रोजी ते गेले.

विभागाच्या इतिहासातले एक पान लिहिताना हात थांबतो, पण ते वगळून शताब्दी साजरी करता येणार नाही. प्राण्यांवरच्या शस्त्रक्रियांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या आवारातच अमानुष हल्ला झाला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला तोवर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या केईएममध्येच होत्या, आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. त्यांचे अन्नपाणी थांबवण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयापुढे गेली तेव्हा केईएमच्या परिचारिकांनी ‘त्या आमच्या आहेत’ अशीच भूमिका घेतली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती विनंती फेटाळली आणि अशा प्रकरणांसाठी देशाला मार्गदर्शक नियम घालून दिले. सर्जनांची नावे पाटीवर असतात. या विभागाच्या उभारणीत ज्या परिचारिका होत्या त्यांतल्या एकीने असे भोगले, हे स्मरणिकेत ठळक अक्षरांत राहिले पाहिजे.

सेन यांच्यानंतर धुरा आली ती डॉ. गुरुकुमार परुळकर यांच्याकडे. ते पुढे संस्थेचे अधिष्ठाताही झाले आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. शेजारच्या हृदयरोग विभागात डॉ. के. के. दाते यांच्यासारखे चिकित्सक होते. शवासनाने रक्तदाब उतरतो का याचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. गणेशपुरीत साधनेसाठी येणाऱ्यांना शवासन नवे नव्हते; ते मोजून पाहण्याचे काम परळने केले. औषधाचे डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर एकाच छताखाली आले ती इमारत पेशंटांच्या तोंडी ‘सीव्हीटीसी’ म्हणून आहे. आमच्याकडचा अक्षरओळख नसलेला माणूसही हा शब्द बिनचूक उच्चारतो.

झडपांचे कामही बदलत गेले. जपानचे कांजी इनोए यांनी ऐंशीच्या दशकात फुग्याची पद्धत आणली. मांडीतल्या शिरेतून नळी वर न्यायची आणि झडपेच्या तोंडात फुगा फुगवून चिकटलेल्या कडा उकलायच्या. झडप फार कडक झालेली नसेल तर छाती उघडावी लागत नाही, आणि दोन-तीन दिवसांत पेशंट घरी. सेन यांच्या बोटाने जे केले तेच आता फुगा करतो, तोही शल्यविभागाबाहेर. शल्यविभागाकडे राहिल्या त्या फुग्याने न उघडणाऱ्या, गळणाऱ्या, चुना साचलेल्या झडपा, म्हणजे अधिक अवघड कामे. तिथे झडप बदलावी लागते. परदेशी झडपेची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि सहकाऱ्यांनी देशी झडप तयार केली, ती ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसात बसली, आणि देशभरच्या सरकारी व महापालिका रुग्णालयांना मोठा आधार मिळाला.

यंत्राची झडप बसली म्हणजे काम संपले असे नाही, आणि इथे गावाची बाजू पुन्हा पुढे येते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. परळला राहणाऱ्याला ते सोपे. दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघणाऱ्या कातकरी कुटुंबाला ते फार अवघड आहे. भट्टीवर गोळ्या संपतात, कागद हरवतो, आणि उत्तम बसवलेली झडप निकामी होते. थिएटरातले कौशल्य भट्टीपर्यंत पोचायचे तर मधे आरोग्य सेविका, आशा ताई, तालुक्याची प्रयोगशाळा हे सगळे लागते. पुढच्या शंभर वर्षांत विभागाने याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने म्हणतो.

पैशाची बाजू थोडी हलकी झाली आहे. १९९७ च्या जीवनदायी योजनेपासून राज्याने हृदयशस्त्रक्रियेसाठी मदत सुरू केली. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने नवी योजना आली, आणि १ एप्रिल २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. शाळांत, आश्रमशाळांत मुलांना तपासणारी पथके जन्मजात भोक असलेली मुले शोधून काढतात आणि त्यांची शस्त्रक्रिया फुकट होते. एकेकाळी ‘याला दम लागतो, धावू देऊ नका’ एवढ्यावर सोडलेली मुले आज शाळेच्या मैदानावर दिसतात.

प्रत्यारोपणाचा धागा मुंबईत फार काळ तुटलेला होता. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ च्या जुलैत झाला आणि मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता मिळाली. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मुंबईला त्यानंतरही एकवीस वर्षे लागली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी बसवले. आणि जुलै २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, खुद्द केईएममध्ये पुन्हा हृदय बसवले गेले. महापालिकेच्या रुग्णालयात हे व्हावे याचा मला विशेष आनंद आहे, कारण हृदय देणारी कुटुंबे पुष्कळदा साधीसुधी असतात. घेणाऱ्यांतही साधी माणसे असली पाहिजेत.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी परळचा जुना केसपेपर, डिस्चार्ज कार्ड किंवा आजीच्या झडपेच्या ऑपरेशनचा कागद ट्रंकेत पडला असेल त्यांनी त्याची प्रत विभागाला द्यावी. डॉक्टरांच्या बाजूचा इतिहास नियतकालिकांत छापलेला आहे; पेशंटांच्या बाजूचा या कागदांतच आहे आणि ते कागद वाळवीला जात आहेत.

दुसरी विनंती गणेशपुरी, वज्रेश्वरी, अंबाडी आणि भोवतालच्या पाड्यांतल्या शिक्षकांना, अंगणवाडी ताईंना आणि आईबापांना. मुलाचा घसा दुखून ताप आला आणि पुढे एकेक सांधा सुजू लागला, तर कुंडावर नेण्याआधी त्याला आरोग्य केंद्रात न्या. डॉक्टरांनी दर एकवीस दिवसांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले तर मूल बरे दिसते म्हणून ते बंद करू नका. डॉक्टर सांगतील तितकी वर्षे ते द्या. भट्टीवर जाताना कार्ड सोबत न्या आणि तिथल्या जवळच्या केंद्रात तारखेला दाखवा.